कुठेतरी पाणी मुरतंय

पापडीत गरजूंना मदत करणारी संस्था स्थापन होण्याच्या साधारण दोन दिवस आधी तिच्याविषयीची शंका स्थापन होते. संस्थेला घटना लागते, नोंदणी लागते, निदान सात सभासद लागतात. शंकेला एक बाकडे आणि दोन कटिंग पुरतात. वसई रोड स्थानक आणि वसईचा किल्ला यांच्या मधले हे गाव आटोपशीर आहे. चर्च, बाजार, तलाव, बँक सगळे एकमेकांना धरून. सकाळच्या मिस्सेनंतर पायरीवर निघालेली शंका बाजाराच्या पिशवीतून दुपारपर्यंत घरोघर पोचते आणि संध्याकाळी नाक्यावर बातमी होऊन परत येते.

शंकेचे अधिकृत वाक्य एकच आहे : ‘कुठेतरी पाणी मुरतंय.’ या वाक्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. पाणी कोण मुरवतो हे त्यात नाही, किती मुरते हे नाही, आणि ‘कुठेतरी’ म्हणून ठिकाणही मोकळे सोडलेले आहे. त्यामुळे ते खोटे ठरवण्याची सोयच नाही. वास्तविक जुलै महिन्यात वसईत पाणी कुठेच मुरत नाही, ते रस्त्यावर उभे राहते. जुलै २०१८ च्या पावसात मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली, नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ बुडाले आणि लोकांना होडीतून बाहेर काढावे लागले. पण पाणी असे तुंबले की मदत येते, आणि मदत आली की पाणी मुरू लागते. निसर्गाला न जमलेला निचरा नाक्यावरच्या बाकड्यावर होतो.

परोपकारावर नजर ठेवण्याची परंपरा या भागात जुनी आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या इतर मोठ्या ठाण्यांप्रमाणे वसईच्या कोटातही ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचे दयामंडळ उभे राहिले. मूळ मंडळ लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरच्या पुढाकाराने निघाले होते. त्याने चौदा दयाकृत्ये अंगावर घेतली : सात देहाची, सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मेलेल्याला मूठमाती ही देहाची. आत्म्याच्या सातांत चुकणाऱ्याला समज देणे हे एक होते, ते काम पापडीत अजूनही विनामूल्य चालते. दुसऱ्याने दिलेला त्रास शांतपणे सोसणे हे आणखी एक होते, ते पुढे प्रत्येक संस्थेच्या खजिनदाराकडे आले.

या मंडळाचे पदाधिकारी दरवर्षी २ जुलैला नव्याने निवडले जात, म्हणजे तिजोरीची किल्ली एकाच्या कमरेला फार काळ राहत नसे. अनाथ मुलींची लग्ने, कैद्यांचा सांभाळ, मेलेल्यांच्या मालमत्तेची व्यवस्था अशी नाजूक कामे त्याच्याकडे असत. गोव्यात तर अडचणीच्या वेळी खुद्द सरकार मिझेरिकॉर्दियाच्या पैशाकडे वळे. दानपेटीतून कर्ज घेणाऱ्या सरकारविषयी त्या काळच्या बाकड्यांवर काय बोलले गेले असेल, त्याची कल्पना पापडीकराला करून द्यावी लागत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज अंमल संपला. कोटात आज भिंती उरल्या आहेत. शंका पहिल्यापासून कोटाबाहेर राहत असल्यामुळे तिला धक्का लागला नाही.

पैशाचा व्यवहार करूनही शंकेतून बऱ्यापैकी सुटलेली एक संस्था पापडीत आहे, आणि तिचे उदाहरण बोधप्रद आहे. सावकारी कर्जातून शेतकऱ्याची सुटका व्हावी म्हणून मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक, मुख्य कार्यालय पापडी. धर्मगुरूने काढलेल्या पतसंस्थेला शंभर वर्षे उलटून गेली तरी तिथे पैसे ठेवणारा माणूस फारसा कुरकुरत नाही. कारण साधे आहे. बँक आधी गिऱ्हाइकावर शंका घेते. ती दोन जामीन मागते, कागद मागते, सही जुळते का ते पाहते. दोन्ही बाजूंनी शंका घेतली की हिशेब बरोबरीत सुटतो. मदत करणारी संस्था मात्र काही न मागता देते. ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही तो माणूस वसईत अस्वस्थ होतो.

संस्थेवर येणाऱ्या शंकांचे ढोबळमानाने पाच प्रकार आहेत. पहिली शंका संस्थापकाच्या चुलीवर येते : ‘याचं पोट कशावर चालतं?’ तो पायी फिरला तर ढोंगी, रिक्षाने आला तर संस्थेच्या पैशाने, आणि गाडी घेतली तर कोणाला काही सांगायची गरजच उरत नाही. मुलगा कॅनडाला असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. वसईतली पुष्कळ मुले परदेशात आहेत आणि ती सगळी तिथे नोकऱ्या करतात. एकट्या संस्थापकाचा मुलगा तेवढा देणगीतून गेलेला असतो.

दुसरी शंका पावतीची. पावती दिली तर ‘पुस्तकं दोन असतात’, न दिली तर ‘पुस्तकच नसतं’. अलीकडे क्यूआर कोड आल्यापासून ही शंका तांत्रिक झाली आहे. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेऐवजी एखाद्या माणसाचे नाव उमटले की अंगठा थबकतो. पाचांपैकी ही एक शंका खरोखर कामाची आहे, पण तिच्यावर चर्चा सर्वांत कमी होते. नाव डोळ्यांसमोर लिहून आलेले असते, त्यात तर्काला वाव नसतो.

तिसरी शंका हेतूची. फादरांच्या संस्थेने वह्या वाटल्या की काहींना त्या शंभर पानांत धर्मांतर दिसते. गणेशोत्सव मंडळाने वाटल्या की काहींना मते दिसतात. मशिदीच्या कमिटीने वाटल्या की काहींना आणखी काही दिसते, पण ते कोणी मोठ्याने बोलत नाही. तिन्हींच्या वह्या एकाच घाऊक दुकानातून आलेल्या असतात. दुकानदार मात्र कोणत्याही शंकेत सापडत नाही, कारण तो परोपकार करत नाही. निवडणुकीच्या शंकेला मध्यंतरी वाईट दिवस आले होते. वसई-विरार महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढची पाचांहून अधिक वर्षे निवडणूकच झाली नाही. एवढ्या काळात वह्या, छत्र्या, राशन वाटणाऱ्यांनी शंकेखोरांची मोठीच पंचाईत केली. हे कोणत्या निवडणुकीसाठी, हे त्यांना सांगता येईना. काहींनी तेव्हा नाइलाजाने विधानसभेवर भागवले.

चौथी शंका प्रसिद्धीची, आणि तिला दोन तोंडे आहेत. दोन किलो तांदळाच्या पिशवीला आठ जणांचे हात लागलेला फोटो फ्लेक्सवर लागला की ‘जाहिरातबाजी’. फोटो नसेल तर ‘काम कुठे दिसतंय?’ या दुसऱ्या तोंडाचा सर्वाधिक त्रास विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पद्धतीने काम करणाऱ्यांना होतो. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसला काढली, आणि आज ठिकठिकाणच्या धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. सभासदांनी जोडीने गरजूच्या घरी जायचे, त्याचे नाव बाहेर सांगायचे नाही, अशी तिची रीत. सभेत गुप्त पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ झाकून आत हात घालायचा आणि जमेल ते टाकायचे. कोणी किती टाकले हे कोणालाच कळत नाही. पिशवीतून हात बाहेर येताना काही घेऊन तर येत नाही ना, ही या रीतीवरची खास स्थानिक भर आहे. आपल्याकडे गुप्तदानाला मोठे पुण्य सांगितले आहे, पण ते नेमके कोणी केले हे कळेपर्यंत लोकांना चैन पडत नाही.

पाचवी शंका ‘आपल्यां’ची. ‘आपल्यांना सोडून बाहेरच्यांना वाटतात.’ यातला ‘आपला’ मोठा लवचिक आहे. तालुक्यात सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, आदिवासी, शिवाय उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेली माणसे आहेत. वाटपाची रांग लागली की ‘आपला’ आखडत जाऊन आळीपर्यंत येतो. देणगी मागायची असेल तर तोच पसरत पसरत आखाती देशांपर्यंत पोचतो.

या पाच शंका देणाऱ्यावरच्या झाल्या. घेणाऱ्यावरची मुख्य शंका एकच आहे, पण ती एकटीच पाचांना भारी पडते : ‘हा कसला गरजू?’ २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि गल्लोगल्ली धान्याच्या किटांच्या याद्या सुरू झाल्या, तेव्हा या शंकेचे शास्त्र पूर्णत्वाला गेले. यादीत नाव घालायला मोबाईल क्रमांक सक्तीचा होता, आणि रांगेत मोबाईल हातात दिसला की ‘गरजूकडे मोबाईल कुठून?’ हा प्रश्न तयार होता. म्हणजे फोन नसेल तर मदत मिळत नाही आणि असेल तर शोभत नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईच्या सनसिटी मैदानावर गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी हजारो कामगार उन्हात बसले होते. त्यांच्याकडे फोन नसते तर गाडीचा निरोप त्यांना कळलाच नसता. गरजूने कसे दिसावे याचा जो नमुना लोकांच्या मनात असतो तो साधारण जुन्या मराठी चित्रपटातला असतो : अंगावर घोंगडी, हातात काठी आणि मागे सनईचे सूर. जीन्स घातलेला भुकेला माणूस त्या चित्रात बसत नाही. घरात फ्रिज असला की मामला आणखी गंभीर. तो फ्रिज दोन वर्षे बंद असून त्यात मुलांची दप्तरे ठेवलेली आहेत, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

एकाच माणसाने दोनदा घेणे हा घेणाऱ्यावरचा दुसरा जुना आरोप आहे आणि त्यावरचा जुना उपायही मराठीच आहे. पेशवाईत श्रावणातली दक्षिणा वाटताना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या आवारात ब्राह्मणांना आधी आत घेत, आणि मग एकेकाला दक्षिणा हातावर ठेवून बाहेर सोडत. आत परत जायची वाट नसे. अलीकडे राज्य सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत. टाळेबंदीत तिचा दर पाचवर आला. तिथे रमण्याच्या भिंतीचे काम मोबाईल ॲपने केले : जेवणाऱ्याचे नाव आणि फोटो. भिंत गेली, फोटो आला, शंका होती तिथेच राहिली.

आपण गरीब आहोत हे सिद्ध करणे हा या व्यवस्थेतला सर्वांत खर्चिक भाग आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, असे बंधन राज्याच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली आहे आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना आखून दिली. खाटेवर पोचायला उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य रंगाचे रेशनकार्ड लागते. दाखल्यासाठी तहसील कचेरीत तीन खेपा झाल्या की तीन दिवसांची मजुरी बुडते, त्यामुळे दाखला हातात येईपर्यंत त्यावर लिहिलेले उत्पन्न खरे झालेले असते.

तिसऱ्या बाजूची शंका सहसा नोंदवली जात नाही : घेणाऱ्याची देणाऱ्यावरची. पापडीच्या आसपासच्या जुन्या वाडीतल्या आजीला पाच किलो तांदूळ, एक तेलाची पिशवी आणि वर हसरा चेहरा घेऊन चार तरुण भेटतात आणि ‘आजी, इथे जरा अंगठा द्या’ म्हणतात, तेव्हा आजी तांदळाकडे पाहत नाही, कागदाकडे पाहते. गेल्या चाळीस वर्षांत वसईत केळीच्या बागा आणि पानवेली जाऊन जिथे जिथे इमारती आल्या, तिथे सुरुवात एका अंगठ्यानेच झाली होती. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो माणूस फुकटच्या तांदळावर सही करत नाही. कार्यकर्त्यांना हा कृतघ्नपणा वाटतो. प्रत्यक्षात आजीची शंका वरच्या पाचही शंकांपेक्षा उजवी आहे, कारण तीच एकटी कागद वाचून पाहायला मागते.

कागद वाचायचा तर तो कुठे असतो, हेही समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा आहे. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र आहे. मदतकार्य करणारी संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि या कायद्याखाली अशी दोनदा नोंदली जाते, आणि तिला धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. जमाखर्च, ताळेबंद, तपासनिसाचा शेरा असे सगळे त्यात असते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यायचा असतो. हे रिपोर्ट निकालात निघायला कधीकधी इतका वेळ लागतो की स्वर्गवासी विश्वस्त दप्तरी हयात राहतो. ‘मेलेली माणसं संस्था चालवतात’ ही नाक्यावरची शंका बऱ्याच वेळा इथून उगवते. तिच्यात भ्रष्टाचार असेलच असे नाही, टेबलावरची फाईल मात्र नक्की असते.

देणगीदारासाठी आयकर कायद्यात ‘८० जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत आहे. त्याचा एक नियम सर्वांनी पाठ करावा असा आहे : २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. तेव्हा पाच हजार रोख घेऊन ‘८० जी मिळेल’ असे सांगणारा माणूस एक तर कायदा जाणत नाही किंवा फार चांगला जाणतो. ‘८० जी मिळेल का?’ हा प्रश्न सर्वांत ठणकावून विचारणारा मात्र बहुधा एकावन्न रुपये देणारा असतो, आणि त्याने आयकराचे विवरणपत्र आयुष्यात भरलेले नसते.

म्हणजे पापडीतल्या शंकेत अक्कल नाही असे नाही, तिला पाय नाहीत एवढेच. पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का, खाते संस्थेच्या नावावर आहे का, गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब मागितला तर संस्था दाखवते की विषय बदलते, एवढ्या तीन गोष्टींत बहुतेक शंकांचा निकाल लागतो. चांगली संस्था हिशेब मागणाऱ्याला खुर्ची देते. वाईट संस्था त्याला चहा देते, पुष्पगुच्छ देते आणि पुढच्या कार्यक्रमाला मंचावर बसवते. मंचावर बसलेल्या माणसाची शंका खाली उतरेपर्यंत विरते, हा अनुभव सर्व गावांचा आहे. वार्षिक सभेत मात्र चित्र उलटे असते. वर्षभर नाक्यावर बोललेले लोक तिथे येत नाहीत. जे येतात ते ‘हिशेब मंजूर’ म्हणून हात वर करतात, कारण मागे वड्यांचा वास सुटलेला असतो.

याचा तोटा चांगल्या संस्थेलाच अधिक होतो. लबाड माणूस शंकेचा खर्च आधीच धरून चालतो. प्रामाणिक खजिनदार मात्र रात्री अकराला साडेतीनशे रुपयांचा फरक शोधत बसतो, सकाळी नाक्यावरून जाताना मान खाली घालतो आणि दोन वर्षांनी ‘तब्येतीच्या कारणास्तव’ राजीनामा देतो. मग त्याच्या जागी कोणी यायला तयार होत नाही. ‘एवढी चांगली संस्था, पण माणसंच मिळत नाहीत,’ अशी हळहळ त्याच बाकड्यावर व्यक्त होते, आणि तिच्यामागोमाग ‘माणसं का टिकत नाहीत, याचाही विचार करा’ ही नवी शंका जन्म घेते.

घरात पाणी मुरत असेल तर लोक प्लंबरला बोलावतात, भिंत ठोकून पाहतात, ओल कुठवर आली त्यावर खडूने रेघ मारतात. नाक्यावर बसून ते कोणी शोधत नाही. संस्थेच्या बाबतीत ती भिंत धर्मादाय कार्यालयात आहे. तिथे अर्ज करून ठरलेले शुल्क भरले की कागदपत्रांच्या नकला मिळू शकतात. बाकड्यावर बसायला शुल्क नाही.